‘सौजन्य : इंटरनेट’ म्हणजे नेमके कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वृत्तपत्रांत एखाद्या पक्ष्याचे किंवा दिवंगत शास्त्रज्ञाचे छायाचित्र येते आणि खाली बारीक टायपात ‘सौजन्य : इंटरनेट’ असे छापलेले असते. मी फावल्या वेळात विकिपीडियावर लिहितो, म्हणून हे डोळ्यांत खुपते. यांतली बरीच छायाचित्रे विकिमीडिया कॉमन्सवरची, म्हणजे विकिपीडियाच्या जोडीने चालणाऱ्या मुक्त चित्रसंग्रहातली असतात. तिथे चित्रावर टिचकी मारली की छायाचित्रकाराचे नाव, तारीख, परवाना असे सगळे समोर येते. परवान्याचे म्हणणे बहुतेक वेळा इतकेच असते, की चित्र खुशाल वापरा, धंद्यासाठीही वापरा, पैसे नकोत; फक्त नाव द्या आणि परवान्याचा उल्लेख करा. तेवढेही होत नाही.

विकिपीडिया आणि कॉमन्सचा हा पसारा सांभाळते विकिमीडिया फाउंडेशन, २००३ साली अमेरिकेत स्थापन झालेली ना-नफा संस्था. ‘देणगी द्या’ची पट्टी झळकते ती तिचीच. जाहिराती न घेता, मुख्यतः वाचकांच्या लहानलहान देणग्यांवर ती सर्व्हर, सॉफ्टवेअर, पगार, वकील असा खर्च भागवते. (हा खर्च किती असावा यावरून आम्हा स्वयंसेवकांतही खडाजंगी होते, पण तो विषय वेगळा.) लेख मात्र ती लिहीत नाही आणि त्यांचे हक्कही तिच्याकडे नसतात, ते ज्याने लिहिले त्याच्याकडेच राहतात. म्हणजे नाव गाळल्याबद्दल दाद मागायची तर त्या लिहिणाऱ्यानेच. तीनशेहून अधिक भाषांत विनामोबदला राबणाऱ्यांपैकी कोण त्यासाठी कोर्टाची पायरी चढणार?

श्रेय मिळाले नाही तरी आमचे लिहिणे थांबत नाही. खरी पंचाईत पुढेच आहे. २००९ साली जर्मनीत कार्ल-थिओडोर त्सू गुटेनबर्ग अर्थव्यवस्था व तंत्रज्ञान खात्याचे मंत्री झाले. त्यांचे पूर्ण नाव आधीच मालगाडीसारखे लांब. त्यात कुणा अनामिकाने विकिपीडियावर आणखी एक ‘विल्हेल्म’ घुसडला. नामांकित माध्यमांनी तो जसाच्या तसा उचलला. विकिपीडियावर शंका निघाली, तेव्हा पुरावा म्हणून पुढे आली ती याच माध्यमांतली बातमी!

असे लहान प्रमाणावर कुठेही घडू शकते. बिनपुराव्याच्या वाक्यापुढे आम्ही ‘संदर्भ हवा’ अशी खूण करतो. मजकूर उचलताना नेमकी तीच खूण गळते. पुढे कुणी भाबडेपणाने छापील कात्रण संदर्भ म्हणून जोडतो, खूण निघते आणि वाक्य कायमचे पक्के होते. वृत्तपत्राला आमच्या नियमांत वजन आहे, त्यामुळे ते खोडायला गेले की वाद घालणाऱ्याचीच दमछाक होते. लेखाखाली ‘विकिपीडियावरून’ एवढे जरी छापले असते, तरी हा संदर्भ धरायचा नाही, हे पुढच्याला लगेच कळले असते.

तेव्हा आपल्या दैनिकापुरती विनंती अशी. कॉमन्सवरच्या चित्राखाली छायाचित्रकाराचे नाव आणि परवाना छापावा. ‘सीसी बाय-एसए ४.०’ (कॉमन्सवरच्या एका नेहमीच्या परवान्याचे छोटे नाव) ही अक्षरे ओळीच्या कोपऱ्यातही मावतात. मजकूर घेतला तर लेखाचे नाव द्यावे. आणि ‘संदर्भ हवा’ दिसले, तर ते वाक्य छापण्याआधी आपल्या वार्ताहराने एक फोन करून खातरजमा करावी. पुरावा सापडला तर बातमीत द्यावा, आम्हीही तो आनंदाने तिथे जोडू.

आपला,
एक वाचक आणि विकिपीडियाचा स्वयंसेवी संपादक