किंडर स्काउटवरच्या काका-काकूंचे आभार

शनिवारी आम्ही चौघं इंग्लंडमधल्या ईडल गावाहून किंडर स्काउट या डोंगरावर पळायला गेलो होतो. उंची ६३६ मीटरच, पण वर सगळी काळी, चिकट पीट माती. किंडर डाउनफॉल धबधब्यापुढे मैत्रिणीचा पाय गुडघ्यापर्यंत रुतला, घोटा मुरगळला. पळणं थांबलं तशी ती कुडकुडायला लागली, त्यात धुकं.

तेवढ्यात साठीपुढचं एक जोडपं आलं. काकूंनी तिचे ओले मोजे काढले, पावलं मांडीवर घेऊन चोळली आणि स्वतःचे कोरडे लोकरी मोजे चढवले. काकांनी घोटा बांधला, हातातली काठी दिली. जेकब्स लॅडर ही उभी दगडी पायवाट उतरून थेट ईडल स्टेशनापर्यंत दोघं सोबत आले. त्यांना खरं तर उलट्या दिशेला जायचं होतं!

गडबडीत नावं विचारायची राहिली. काकू, मोजे धुऊन जपून ठेवलेत. तुमचे दोघांचे मनापासून आभार.