बाबांची सेडान आणि आईचे गुडघे

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

बाबा, मागच्या वेळी नवी, उंच एसयूव्ही घ्यायचा विषय निघाला तेव्हा तुम्ही काहीच बोलला नाहीत. उठून बाहेर गेलात आणि सेडानच्या बॉनेटवर हात फिरवत उभे राहिलात. ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही, म्हणून फोन न करता लिहिते आहे.

ती एसयूव्ही मी दोनदा चालवून पाहिली, आणि त्याच रस्त्यावर तुमची गाडीही. वळणावर तुमचीच सरस. बैठी असल्यामुळे रस्ता धरून वळते. एसयूव्ही थोडी तरी झुकतेच. स्टिअरिंगमधून रस्ता हाताला कळतो असं तुम्ही म्हणता, ते आता मला पटलं. नव्या गाडीचं इलेक्ट्रिक स्टिअरिंग एका बोटाने फिरतं, पण चाकाखाली काय आहे ते हाताला लागत नाही. तिचे पुढच्या काचेलगतचे खांबही जाड आहेत. वळताना पायी चालणारा माणूस त्यांच्याआड जातो, तिथे मान पुढे काढून बघावं लागतं.

पण त्याच दिवशी मी आईला तुमच्या गाडीतून उतरताना पाहिलं. आई, तू आधी दाराची चौकट धरतेस, एक पाय बाहेर ठेवतेस, दोनदा झोका घेऊन उठतेस आणि मग क्षणभर डोळे मिटून उभी राहतेस. कधी बोलली नाहीस. इतक्या खालून उठताना सगळा भार गुडघ्यांवर येतो गं. या एसयूव्हीची सीट तुझ्या बसण्याच्या उंचीलाच येते: टेकायचं, पाय आत घ्यायचे, झालं. लॅडर-फ्रेमवरच्या, म्हणजे ट्रकसारख्या वेगळ्या सांगाड्यावर बसवलेल्या, आणखी उंच गाड्या मी आधीच बाद केल्या. त्यांत पायरीवर चढावं लागतं, ते तुला नकोच.

आणि बाबा, आई मागे बसते. तिथे पट्टा नाही. तीन ठिकाणी अडकणारा पट्टा व्होल्वोने १९५९ साली गाडीत दिला आणि आपण अजून तिला त्याशिवाय नेतो, याने मला झोप लागत नाही. तुमच्या गाडीत एअरबॅग नाही, जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएसही नाही. उंच गाडी उलटेल ही तुमची भीती रास्त आहे. त्यासाठीच मी स्टॅबिलिटी कंट्रोल असलेलीच गाडी पाहिली. मर्सिडीजने १९९५ साली आणलेली ही सोय. गाडी घसरू लागली की ती एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून गाडी सरळ करते. एसीलाही बटणंच आहेत, स्क्रीनवर शोधत बसावं लागणार नाही.

सेडान विकायची नाही, हे मी ठरवूनच लिहिते आहे. आठवड्यातून एकदा तुम्ही ती चांगली फिरवून आणा, म्हणजे बॅटरी उतरणार नाही.

आता एकच करा. आईला घेऊन ती गाडी बघायला जा. तुम्ही चालवायच्या आधी तिला मागच्या सीटवर नुसतं बसून उठू दे, आणि तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे बघा.

तुमची लेक