काकांच्या हाती इयरबड्स देण्यापूर्वी

पुणे,
रविवार, सकाळ

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझे पत्र परवा मिळाले. तू नवीन इयरबड्स घेतलेस आणि जुने, ॲपलचे एअरपॉड्स प्रो सांगलीला काकांना, म्हणजे तुझ्या बाबांना, द्यायचे ठरवलेस, हे वाचून फार बरे वाटले. काकू झोपलेल्या असताना रात्री रेडिओवरचे गाणे ऐकायचे म्हणून काका उशीखाली फोन ठेवून झोपतात, हे तूच मला मागे सांगितले होतेस. "त्यावरचे माझे नाव काढून बाबांचे नाव कसे घालायचे," एवढेच तू विचारले आहेस. उत्तर मात्र मी सविस्तर लिहीत आहे, कारण यात क्रमाला फार महत्त्व आहे आणि तो चुकला तर तू पुण्याला परतल्यावर काकांना एकट्याने निस्तरावे लागेल.

आमच्या घरी गेल्या मार्चमध्ये जे झाले ते आधी सांगतो. धाकटीची बारावीची परीक्षा चालू होती. तिचे आणि तिच्या आईचे इयरबड्स एकाच वेळी घेतलेले, एकाच कंपनीचे, एकाच पांढऱ्या रंगाचे. दोघींच्या फोनमध्ये यादीत दिसणारे नावही एकच. कधीतरी नीट चालतात का हे पाहण्यासाठी धाकटीचे इयरबड्स हिच्या फोनला जोडले गेले होते आणि ती ओळख तशीच राहून गेली होती. त्यामुळे धाकटीने अभ्यासाला बसताना डबी उघडली की कधी ते तिच्या फोनला जोडले जात, तर कधी शेजारच्या खोलीतल्या आईच्या फोनला. भौतिकशास्त्राचे व्याख्यान ऐकायला बसलेल्या मुलीच्या कानात हरिपाठ सुरू होई आणि इकडे ही हरिपाठ का थांबला म्हणून फोन हातात घेऊन बसे. पेपर दोन दिवसांवर आला होता. पोरीचे डोळे भरून आलेले पाहून मी घाईघाईने तिचे इयरबड्स रीसेट केले, म्हणजे आधीच्या सगळ्या जोडण्या पुसून नव्यासारखे केले. फोनमधली नोंद मात्र काढली नाही, आणि तिथेच चूक झाली. फोन ते नाव दाखवी, बोट लावले की जोडणी सुरू झाल्यासारखे होई आणि लगेच तुटे. असे दोन तास गेले.

याचे कारण नंतर शांतपणे वाचले तेव्हा कळले. फोन आणि इयरबड्स पहिल्यांदा एकमेकांना जोडले जातात तेव्हा दोघांमध्ये १२८ बिटांची एक गुप्त किल्ली ठरते आणि ती दोन्हीकडे साठवली जाते. पुढच्या प्रत्येक वेळी काही न विचारता जोडणी होते ती या किल्लीमुळेच. आपण फक्त इयरबड्स रीसेट केले की त्यांच्याकडची किल्ली पुसली जाते, पण फोन जुनीच किल्ली घेऊन दाराशी येतो. कुलूप बदलले आणि घरच्यांना सांगितले नाही, तसा हा प्रकार. म्हणून विसरणे दोन्ही बाजूंनी व्हावे लागते, आणि इयरबड्स आधी ज्या ज्या फोनला, लॅपटॉपला किंवा टीव्हीला जोडले असतील त्या प्रत्येकावर व्हावे लागते.

आता तुझ्या एअरपॉड्सविषयी. सगळ्यात आधी, आणि सांगलीला निघण्यापूर्वीच, तुझ्या आयफोनवर हरवलेली उपकरणे शोधायचे 'फाइंड माय' हे ॲप उघड, इयरबड्स जवळ असतानाच त्यांची नोंद निवड आणि ते तुझ्या खात्यातून काढून टाक. हे काम नुसत्या रीसेटने होत नाही आणि ते तुझ्याशिवाय दुसरे कोणी करूही शकत नाही. हे राहिले, तर काकांच्या हाती गेल्यावरही ते तुझ्याच खात्याशी बांधलेले राहतील. त्यानंतर दोन्ही इयरबड्स डबीत ठेव, झाकण लाव आणि अर्धा मिनिट थांब. झाकण उघड, फोनच्या सेटिंग्जमध्ये ब्लूटूथच्या यादीत त्यांच्या नावासमोरच्या 'आय'वर बोट लाव आणि 'फर्गेट धिस डिव्हाइस' निवड. यादीतून ते आधीच गेलेले असतील, तर ही पायरी सोड. मग झाकण उघडेच ठेवून डबीच्या मागचे बटण सुमारे १५ सेकंद दाबून धर. दिवा आधी नारिंगी आणि मग पांढरा लुकलुकला म्हणजे काम झाले. बोट लवकर उचलू नकोस. पंधरा सेकंद आपल्याला वाटतात त्यापेक्षा बरेच लांब असतात.

बटण दाबण्यापूर्वी एक गोष्ट अवश्य पाहा. धाकटीच्या बाबतीत फोनमधली नोंद काढून पुन्हा रीसेट केल्यावरही फक्त उजवा इयरबड जोडला गेला, डावा मुका राहिला. डबी खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली तेव्हा डाव्या खाचेच्या तळाशी असलेल्या दोन सोनेरी टाचण्यांपैकी एकीवर मेणासारखा पिवळट थर दिसला. डावा इयरबड डबीत बसत होता, पण त्याला वीज मिळत नव्हती, त्यामुळे रीसेटचा हुकूमही त्याच्यापर्यंत पोहोचला नव्हता. कोरड्या कापसाच्या काडीने हलक्या हाताने तो थर काढला, दहा मिनिटे चार्ज होऊ दिले, पुन्हा रीसेट केले आणि दोन्ही एकदम बोलू लागले. पाणी, स्पिरिट किंवा सुई यांपैकी काहीही त्या खाचेत घालू नकोस. तू तुझे तीन वर्षे रोज वापरले आहेस, तेव्हा काकांच्या कानात जाण्यापूर्वी रबरी टोप्या तर बदलच, आणि त्यांच्या कानाच्या मापाच्या निवड.

नावाचा प्रश्न रीसेटनंतरचा आहे. काकांचा फोन अँड्रॉइडचा, त्यामुळे तो सांगलीला पोहोचल्यावरच सुटेल. झाकण उघडे ठेवून तेच बटण दिवा पांढरा लुकलुकेपर्यंत दाबायचे, काकांच्या फोनच्या ब्लूटूथमध्ये ते दिसले की जोडायचे, आणि मग नावाशेजारच्या दातेरी चाकाच्या चिन्हावर जाऊन पेन्सिलने नाव बदलायचे. हे मात्र समजून घे की तिथे दिलेले नाव काकांच्या फोनपुरतेच असते. आयफोनवरून नाव बदलले की ते एअरपॉड्समध्येच लिहिले जाते आणि दुसऱ्या उपकरणांनाही दिसते. अँड्रॉइडच्या यादीत बदललेले नाव म्हणजे आपण फोनबुकात कोणाचे नाव आपल्या सोयीने लिहून ठेवतो तसे. काकांना ते दुसरीकडे कुठे जोडायचेच नसल्याने एवढे पुरेसे आहे.

नाव देवनागरीतच दे, असा माझा आग्रह आहे. ब्लूटूथच्या नियमाप्रमाणे उपकरणाच्या नावाला २४८ बाइट मिळतात आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-अनुस्वार धरून, ३ बाइट घेते. 'बाबांचे' या शब्दाला २१ बाइट लागतात, म्हणजे जागेची मुळीच अडचण नाही. काकांना इंग्रजी यादी वाचताना चष्मा कपाळावर नेऊन फोन डोळ्यांजवळ आणावा लागतो. त्या यादीत एकच मराठी शब्द असला तर त्यांची नजर थेट तिथे जाईल. पूर्ण नाव किंवा फोन नंबर मात्र नावात घालू नकोस, ही सवय कुठल्याच उपकरणाला चांगली नाही. जे नाव उपकरणातच लिहिले जाते, ते आसपासच्या कोणाच्याही फोनवर दिसू शकते. आमच्याकडे धाकटीच्या आणि तिच्या आईच्या इयरबड्सना आता 'अभ्यास' आणि 'देवघर' अशी नावे आहेत आणि त्या दिवसापासून घोटाळा झालेला नाही.

नावाचाच विषय निघाला म्हणून सांगतो. ब्लूटूथ हे नावसुद्धा मुळात तात्पुरते होते. दहाव्या शतकातला डेन्मार्कचा राजा हाराल्ड ब्लूटूथ याच्यावरून इंटेलच्या जिम कार्डाक यांनी १९९७ मध्ये ते सुचवले, दुसरे नाव नक्की होईपर्यंत वापरायला म्हणून, आणि पुढे तेच कायम झाले. काकांनी आयुष्यभर इतिहास शिकवला आहे. ही गोष्ट तू त्यांना सांग, त्यांना ती नक्की आवडेल.

शेवटी, जोडून झाले की लगेच निघून येऊ नकोस. डबी उघडणे, इयरबड कानात फिरवून बसवणे आणि झाकण लावून ठेवणे हे त्यांच्या हाताने चार वेळा होऊ दे. मग तू गच्चीवर जाऊन त्यांना फोन लाव आणि त्यांना तुझा आवाज दोन्ही कानांत येतो का, ते विचार. शुक्रवारी रात्री 'फाइंड माय'मधली नोंद काढायला बसशील तेव्हा मलाही फोन कर. मी माझी डबी समोर घेऊन बसेन.

काका-काकूंना माझा साष्टांग नमस्कार सांग.

तुझाच,
मित्र