पॅनेलचे नको, युनिटचे पैसे द्या

मा. पालकमंत्री, सोलापूर जिल्हा यांस,
स.न.वि.वि.

सरकारी इमारती सौर विजेवर चालवायच्या म्हटल्या, तर सोलापूरइतकी सोयीची जागा शोधून सापडायची नाही. मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो आणि कार्यालयेही उन्हाच्या वेळेतच चालू असतात. शनिवार-रविवारी कुलूप असताना तयार होणारी वीज नेट मीटरिंगमुळे महावितरणकडे जाते आणि बिलातून वजा होते. एका किलोवॅटला साधारण १० चौरस मीटर गच्ची लागते आणि रोजचे सरासरी ४ युनिट मिळतात. म्हणजे ५० किलोवॅटच्या संचाने महिन्याला ६,००० युनिट द्यायला हवेत.

पण ते मिळतात का, हे बघतो कोण?

एका सरकारी कार्यालयाच्या गच्चीवर मध्यंतरी जाणे झाले. पॅनेलवर बोटाने नाव लिहावे इतकी धूळ होती. कडेची रांग कबुतरांनी पांढरी केलेली. दुपार कलली की पाण्याच्या टाकीची सावली नेमकी पॅनेलवर येते. एकावर सावली पडली तरी त्याच्या जोडीने जोडलेल्या सगळ्यांची वीज घटू शकते, हे टाकी बसवणाऱ्याच्या गावीही नसावे. इन्व्हर्टरचा लाल दिवा कधीपासून लागलाय, कुणालाच ठाऊक नव्हते. "ते ठेकेदाराचं हाय, आमच्याकडं न्हाई," एवढेच उत्तर मिळाले.

याउलट माझ्या ओळखीतला एक टॉवेल कारखानदार सकाळी चहाआधी मोबाईलवर कालचे युनिट बघतो. दोन युनिट कमी दिसले की माणूस शेडवर चढलाच. बिल त्याच्या खिशातून जाते ना!

म्हणून विनंती अशी की, पॅनेल बसवले की बिल अदा, ही पद्धत बंद करा. रेस्को पद्धतीत संच बसवण्याचा खर्च सौर कंपनी करते आणि कार्यालय फक्त तयार झालेल्या युनिटचे पैसे देते. मग धूळ पुसायची घाई कंपनीलाच असेल. जे संच आधीच बसलेत, त्यांच्या देखभालीचे पैसेही युनिटशी बांधा आणि कालचे युनिट दाखवणारा फलक कार्यालयाच्या दारात लावा.

रुग्णालयांचा विचार मात्र वेगळा करावा लागेल. लाईट गेली की साधा सौर संचही सुरक्षेसाठी आपोआप बंद पडतो, मग ऊन कितीही असो. प्राथमिक आरोग्य केंद्रातला लसींचा फ्रिज चालू राहायचा तर तिथे बॅटरी हवीच.

जाता जाता, गच्च्यांपलीकडचेही बघा. उजनीचे पाणी शंभरावर किलोमीटरवरून शहरात आणायला जी वीज लागते, तिच्यापुढे कार्यालयांचे पंखे-दिवे किरकोळ आहेत. इंदूर महापालिकेने नर्मदेचे पाणी उपसण्यासाठी जलूद येथे ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प हाती घेतला आणि २०२३ मध्ये हरित रोखे (पर्यावरणपूरक कामासाठीचे कर्जरोखे) काढून त्यासाठी २४४ कोटी उभे केले.

जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीत नवे संच मंजूर करण्याआधी, बसवलेल्या प्रत्येक संचाचे गेल्या वर्षीचे युनिट कार्यालयवार मागवा आणि ते जाहीर करा.

कळावे,
सोलापूरचा एक वीजग्राहक