नखं पुन्हा वाढतात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी चर्चमधल्या मिस्सेत, म्हणजे उपासनेत, बारा जणांचे पाय धुतात, त्याचं छायाचित्र आपल्या ठाणे पुरवणीत आलं. खाली ओळ होती, ‘सेवेचा संदेश’. त्या बारा जणांत यंदा मीही होतो, म्हणून आतली गोष्ट सांगतो : माझे पाय मी घरूनच साबणाने धुऊन, टाचा घासून नेले होते. बाकीच्या अकरांनीही तेच केलं असणार. फादरनी थोडं पाणी ओतलं, टॉवेलने टिपलं आणि पुढे सरकले. येशूने आपल्या शिष्यांचे धुतले ते पाय धुळीतून चालून आलेले होते, आणि ते काम त्या काळी घरातल्या गुलामाचं असे. पोप फ्रान्सिस 2013 साली रोमच्या बालतुरुंगात जाऊन पाय धुते झाले. त्यात मुली होत्या, मुस्लिमही होते. तेव्हा आमच्यातल्याही काहींच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या.

तीन वर्षांपूर्वी नाताळच्या आधी आम्ही पॅरिशचे, म्हणजे आमच्या चर्चच्या मंडळीतले, आठ-दहा जण इथल्याच एका सरकारी रुग्णालयात फळं वाटायला गेलो. दोन केळी, एक सफरचंद, बिस्किटांचा पुडा. फोटो काढायचं काम माझ्याकडे. बायकांच्या वॉर्डात कोपऱ्यातल्या खाटेवर एक आजी होत्या. भेटायला येणारं कुणी नाही. मी पिशवी पुढे केली तर म्हणाल्या, “केळी ठेव बाबा तिथं. माझी नखं तेवढी कापतोस का? चादरीत अडकतात.”

पाहिलं तर अंगठ्याचं नख वाढून मांसाकडे वळलेलं. नेलकटर काही माझ्याजवळ नव्हतं. “पुढच्या वेळी आणतो,” म्हणालो. त्यांनी नुसतं पाहिलं. आमची पुढची वेळ म्हणजे पुढचा नाताळ, हे त्यांनी ओळखलं असावं.

दुसऱ्या दिवशी गेलो. भक्तीपेक्षा शरमेने गेलो, हे कबूल करतो. वॉर्डातल्या सिस्टरना विचारलं, म्हणाल्या, साखर नाही त्यांना, पण कातडीला लावू नका. कोमट पाण्यात पाय बराच वेळ भिजवले तेव्हा कुठे ते नख कापण्याइतकं मऊ झालं. आजी तोवर शेजारच्या खाटेवरच्या बाईची तक्रार सांगत होत्या. आभार वगैरे काही मानले नाहीत. निघताना एवढंच म्हणाल्या, “पुन्हा वाढतील हां.”

येशूने सांगितलेली शोमरोन्याची, म्हणजे शोमरोन प्रांतातल्या एका वाटसरूची गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकतो. लुटारूंनी मारून अर्धमेला टाकलेल्या परक्या माणसाच्या जखमा तो बांधतो, आपल्या जनावरावर घालून त्याला धर्मशाळेत नेतो. प्रवचन बहुतेक वेळा इथेच थांबतं. पण गोष्ट पुढे आहे. दुसऱ्या दिवशी तो मालकाला दोन नाणी देतो आणि सांगतो, याच्यावर वर खर्च झाला तर मी परत येईन तेव्हा भागवीन. हे ‘परत येईन’ आम्ही सोयीस्करपणे विसरलो आहोत.

सरकारी रुग्णालयात ज्याचं कुणी नाही त्याची अडचण फळांची नसतेच. रक्ताची पिशवी आणायला धावायचं कुणी, एक्स-रेला स्ट्रेचर ढकलायचा कुणी, रात्री तीनला पाण्याचा घोट द्यायचा कुणी? एका सिस्टरकडे अख्खा वॉर्ड. तिथे हाताशी माणूस लागतो, आणि तो उद्याही लागतो.

समाज म्हणून आमची मोठी कामं आम्ही छाती फुगवून सांगतो. मिरजेला डॉ. वॉन्लेस यांनी 1894 साली काढलेलं मिशन हॉस्पिटल, दुष्काळात पंडिता रमाबाईंनी केडगावला आणून सांभाळलेल्या मुली. अभिमान हवाच. पण पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या विद्यार्थ्याला चर्चच्या टीकाकारांनी नेमकं हेच विचारलं होतं : पूर्वी तुम्ही खूप केलंत, आज गरिबांसाठी काय करता? त्यातून 1833 साली त्याने मित्रांबरोबर गरिबांच्या घरी जायला सुरुवात केली. गरिबांना मदत करणारी सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी ती हीच. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. आमच्या पॅरिशमधले वीस वर्षांचे नाताळच्या गोठ्यावरच्या एलईडी माळांत गुंतलेले असतात. त्यांना दोष देत नाही, त्या माळांची वर्गणी आम्हीच गोळा करतो.

“तुम्ही मिशनवाले का? काय देता त्यांना?” असं एका रुग्णाच्या मुलाने मला दरडावून विचारलं होतं. प्रश्न गैर नव्हता. आम्ही खाटेजवळ पुस्तिका नेत नाही, प्रार्थनाही मोठ्याने म्हणत नाही. नाकात नळी असलेल्या माणसाला ‘नको’ म्हणता येत नाही, आणि जिथे नको म्हणता येत नाही तिथे मागे लागणं ही जबरदस्ती झाली. त्या मुलाला मी एवढंच सांगितलं की नेलकटर देतो. तो हसला नाही, पण नंतर त्याने स्ट्रेचरला हात लावला.

आजी पुढच्या पावसाळ्यात गेल्या. आमचं जाणं मात्र चालू राहिलं. आता सहा जण आहोत, त्यातले दोघे हिंदू, एक पारशी बाई. सोमवार ते शनिवारच्या रात्री वाटून घेतल्या आहेत. रविवारच्या रात्रीला अजून माणूस मिळत नाही, कारण सोमवारी सगळ्यांनाच सकाळची लोकल असते.

आपला,
एक वाचक, कोपरी, ठाणे (पूर्व)