धुळ्याच्या मीटरवाल्या नानांना, मनापासून

नाना, रामराम.

तुम्ही समोर असलात की आभार मानूच देत नाही, "चाल ना भो, काम कर" म्हणून विषय बदलता, आणि फोनवर दोन वाक्यांच्या वर तुमचं बोलणं जात नाही. म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितोय. तुमचा नातू वाचून दाखवेलच.

रविवारी बाइकची रॅली संपली. संध्याकाळी रिझल्टची शीट भिंतीवर लागली तेव्हा मी बोट फिरवत माझा नंबर शोधला आणि मग एकेक टाइम कंट्रोल, म्हणजे वाटेत वेळ नोंदवतात ती जागा, बघत गेलो. लवकर पोचल्याचा दंड एकाही ठिकाणी नाही. एकाही नाही नाना! उशीर आहे काही जागी, काही सेकंदांचा, पण तो नाल्यातल्या वाळूने केलेला उशीर आहे, मीटरने केलेला नाही. मला तिथं उभ्या उभ्या भरून आलं आणि पहिली आठवण तुमची आली, घरच्यांचीसुद्धा नंतर आली, खरं सांगतो.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांना वाटतं की जो आधी पोचला तो जिंकला. टीएसडी, म्हणजे टाइम-स्पीड-डिस्टन्स रॅलीत तसं नसतं. आयोजक सांगतात या टप्प्यात ताशी ३० ची सरासरी ठेवा, पुढच्यात २४, त्यापुढे ३६, आणि वाटेत कुठंतरी झाडाआड कंट्रोल लपलेला असतो. तिथं बरोबर ठरलेल्या सेकंदाला पोचायचं, उशीर झाला तरी मार आणि लवकर गेलो तरी मार. अमेरिकेत जंगलात टाइमकीपिंग एन्ड्युरो, म्हणजे अशाच घड्याळावरच्या बाइक स्पर्धा चालतात, त्यांचा नियम तर अजून कडक, एक मिनिट उशीर झाला तर एक पॉइंट जातो, एक मिनिट लवकर गेलात तर दोन, आणि त्यापुढच्या लवकरच्या प्रत्येक मिनिटाला पाच. कारमध्ये निदान शेजारी नेव्हिगेटर बसलेला असतो, तो आकडेमोड करतो. बाइकवर सगळं एकट्याने. दगड बघायचे, वाट बघायची, घड्याळ बघायचं आणि किलोमीटरही बघायचे. म्हणून हँडलवरचं ते अंतर मोजणारं छोटंसं यंत्र, आपला मीटर, म्हणजे निम्मी रॅली असते.

आणि त्याच यंत्रापायी मी किती फिरलो तुम्हाला माहीत आहे. एका मोठ्या शहरातल्या मोठ्या दुकानात गेलो होतो, एसी, काचेची कपाटं, सगळं झकपक. त्यांनी मला काय विचारलं तर बजेट किती. बस. कुठं चालवतोस, एकटा चालवतोस का, कसल्या रस्त्यावर, काही नाही. जीपीएसवर चालणारं एक यंत्र हातात दिलं आणि हेच रॅली कॉम्प्युटर, सगळे हेच नेतात म्हणाले. सातपुड्यात नेऊन बघितलं तर झाडीखाली आणि घाटातल्या आखूड वळणांवर ते वळणं कापून सरळ रेघ मारायचं, म्हणजे मी खरं जेवढं चाललोय त्याच्यापेक्षा अंतर कमी दाखवायचं. अंतर कमी दिसलं की वाटतं आपण मागे पडलो, मग माणूस गाडी पळवतो, आणि कंट्रोलला लवकर पोचून दंड खातो. वर आपल्याकडचं ऊन, मे महिन्यात स्क्रीन अख्खी काळी पडली. फोन केला तर म्हणे तुम्हाला वापरता येत नसेल. नंतर फोन उचलणंच बंद. आधी रॅल्या केलेल्या एकदोघांना विचारलं, ते म्हणाले मोबाइलमध्ये ॲप टाक आणि मोकळा हो. मला अजूनही राग आहे या सगळ्यांचा. पैशाचा नाही एवढा, पण समोरचा माणूस जीव लावून विचारतोय आणि तुम्ही त्याला असं वाटेला लावता याचा.

मग शिरपूरच्या एका ट्रॅक्टर मेकॅनिकने तुमचं दुकान सांगितलं. आग्रा रोडवरून आत गल्लीत, रिक्षाचे जुने मीटर आणि स्पीडोमीटरच्या केबली टांगलेल्या. मी तेव्हा मोबाइलवर अमेरिकेतल्या आयको कंपनीचा चेकमेट नावाचा एन्ड्युरोचा मीटर दाखवला होता, हाच पाहिजे म्हणून हट्टाला पेटलो होतो. तुम्ही नाही म्हटलं नाही. चष्मा वर करून नीट बघितलंत, मला त्याचं सगळं मोठ्याने वाचायला लावलंत, आणि मग म्हणालात की यंत्र एक नंबर आहे पण त्यांच्या खेळासाठी बनवलंय, त्यांचा हिशोब मिनिटांचा आणि मैलांचा, तुझा सेकंदांचा आणि किलोमीटरचा, दुसऱ्याच्या मापाचा सदरा कशाला घालतो. आणि मग ते वाक्य, जे मी आता प्रत्येक पोराला सांगतो, "वेळ तर घड्याळ बरोबर सांगतंच, खोटं बोलतं ते अंतर."

त्यातच सगळं आलं खरं तर. ३० ची सरासरी म्हणजे मिनिटाला ५०० मीटर, २४ म्हणजे ४००, ३६ म्हणजे ६००, हे टाकीवर चिकटवलेल्या कागदावरही भागतं. पण अंतर एक टक्का चुकलं तर ३० किलोमीटरवर ३०० मीटरचा फरक पडतो, आणि ३६ च्या स्पीडला ३०० मीटर म्हणजे ३० सेकंद. हे तुम्ही खडूने शटरवर लिहून दाखवलंत. त्याच दिवशी हल्दाची गोष्ट सांगितलीत, की स्वीडनची ती कंपनी टॅक्सीचे मीटर बनवायची आणि तीच रॅलीच्या गाड्यांसाठी ट्विनमास्टर नि स्पीडपायलट बनवायची, ट्विनमास्टर अंतर मोजायचा आणि स्पीडपायलट नुसत्या दातेरी चाकांवर किलोमीटर आणि वेळेचा मेळ घालायचा. जन्मभर भाड्याचे मीटर दुरुस्त करणाऱ्या माणसाला रॅलीचं गणित इतकं कसं कळतं हे मला तेव्हा उमगलं, गणित एकच आहे.

मग मीटर निवडताना तुम्ही जे केलं ते कोणत्याच दुकानात होत नाही. चाकाच्या सेन्सरवर चालणारंच घ्यायचं, आणि सेन्सर पुढच्या चाकाला, कारण मागचं चाक मातीत जागेवर फिरतं आणि नसलेलं अंतर मोजून ठेवतं. अंतर चालू गाडीवर मागेपुढे करता आलं पाहिजे, कारण आयोजकाची गाडी वेगळी, आपली वेगळी, रोडबुकमधल्या, म्हणजे आयोजकाने दिलेल्या वाटेच्या वहीतल्या खुणेपाशी दोन्ही जुळवून घ्यावी लागतात. वाट चुकून परत फिरलो तर आकडा उलटा मोजता आला पाहिजे. आणि बटण डाव्या अंगठ्याशी, हात हँडलवरून न काढता. मला ग्लोव्हज घालायला लावून तुम्ही कुंडीतली ओली काळी माती त्या स्क्रीनवर फासली आणि उन्हात धरून म्हणालात, आता वाच आणि आता दाब. दोन मीटर तिथंच बाद झाले. तुमच्याकडे विकायला ठेवलेले होते ते, नाना! तुम्हीच बाजूला सारले.

पण मला जे विसरता येत नाही ते वेगळंच आहे. मीटर चाकाचे फेरे मोजून अंतर काढतो, म्हणून चाकाचा घेर त्यात टाकायचा होता. माझ्या एक्सपल्स बाइकचं पुढचं टायर ९०/९०-२१, कागदावर हिशोब केला तर २१८४ मिलिमीटरच्या आसपास येतो, मी म्हटलं टाका तोच. तुम्ही म्हणालात कागदावर कोणी बसलेलं नसतं. मग मला हेल्मेट, बूट, पाण्याने भरलेली बॅग, सगळं अंगावर चढवून गाडीवर बसवलं, "तू बठ ना गाडीवर, मी देखस," आधी हवा तपासली, आणि शेजारच्या वखारीच्या फरशीवर टायरचा व्हॉल्व्ह बरोबर खाली आणून खडूची रेघ मारली. दुकानातलं पोरगं मागून ढकलतंय, मी वर बसलोय, आणि तुम्ही त्या पांढऱ्याशुभ्र पायजम्यात गुडघ्यांवर रांगत चाकाबरोबर चाललाय, नजर व्हॉल्व्हवर. तीन फेरे झाले की रेघ, मग टेप, मग भागिले तीन. पहिल्यांदा व्हॉल्व्ह बोटभर पुढे थांबला तर म्हणालात नाही जमलं, परत. परत रांगलात. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, त्याला हात करून थांब म्हणालात. गुडघे काळे झाले, उठताना खांबाला धरून उठलात, आणि आकडा आला तो कागदावरच्यापेक्षा कमीच होता. माझ्या घरातल्या माणसांशिवाय माझ्यासाठी कोणी असं जमिनीवर आलेलं मला आठवत नाही.

तो आकडा तुम्ही ऑइल पेंटने पुढच्या मडगार्डच्या आतल्या बाजूला लिहिलात, सेल बदलला की सेटिंग उडतं म्हणून. रॅलीच्या आदल्या रात्री सेल बदलला आणि खरंच उडालं. मी टॉर्च मारून खाली वाकलो, तुमचं अक्षर वाचलं, टाकलं, झोपलो.

रॅलीत पहिला ओडो-चेकचा, म्हणजे मीटर ताडून बघायचा टप्पा आयोजकाच्या आकड्याशी इतका जुळला की मला बटणाला हातच लावावा लागला नाही. पुढे उतारावर एका जागी पुढचं चाक ब्रेकवर घसरत गेलं तिथं थोडं कमी मोजलं गेलं, ते पुढच्या खुणेपाशी अंगठ्याने जुळवलं. लढतोय दगडांशी, मीटरशी नाही, हे सुख काय असतं ते पहिल्यांदा कळलं.

आपल्या खान्देशात लोक म्हणतात इथं काय आहे, ऊन आणि केळी, चांगलं काही पाहिजे तर पुण्या-मुंबईला जा. मीही असंच म्हणायचो. पण एखाद्या कामाला पूर्ण वेळ देणारी, समोरच्याचं काम आपलं समजणारी माणसं याच गल्लीबोळात बसलेली आहेत, पाटी नाही, जाहिरात नाही. मोटार बांधणारे, पंप उघडणारे, घड्याळं लावणारे. त्यांना कोणी सर म्हणत नाही, त्यांच्यासोबत कोणी फोटो काढत नाही. तुमच्यासारख्या माणसांच्या जोरावर आमच्यासारख्या चोपड्याच्या पोरांची हिंमत होते शहरातल्या महागड्या गाड्यांच्या रांगेत उभं राहायची. मला हे म्हणायचंच होतं, थोडं जास्त झालं असेल तर होऊ द्या.

पुढच्या आठवड्यात धुळ्याला येतोय. सेन्सरची वायर फोर्कपाशी एका जागी घासली गेलीय, आतली तार अजून दिसत नाही पण पुढच्या रॅलीपर्यंत टिकणार नाही, ती बघून द्या. आणि या वेळेस मजुरी घ्यायचीच. मागच्या वेळी पोराच्या हातात ठेवलेले पैसे तुम्ही माझ्या बॅगेत परत टाकले होते, ते मला घरी गेल्यावर सापडले. तेच घेऊन येतोय.

तुमचा,
चोपड्याचा एक्सपल्सवाला