मुलांच्या खेळात पंच होण्याची घाई

संपादक महोदय,

मुलांना वळण कसे लावावे याची चर्चा निघाली की गाडी बहुधा उपदेश आणि बक्षीस यांवरच येऊन थांबते. शाळेत मूल्यशिक्षणाचा तास वाढवायचा, घरी तक्ता लावून चांदण्या चिकटवायच्या. बालविकास हा विषय शिकवणाऱ्या आम्हा काही जणांना यात फार मोठी गोष्ट सुटल्यासारखी वाटते. कसे वागायचे आणि मी कोण, हे मूल एकदमच शिकते आणि दोन्हींसाठी त्याला इतरांची नजर लागते.

ही सुरुवात बोलता येण्याच्याही आधी होते. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वर्षाच्या बाळांना काचेवर ठेवले होते. काचेखाली पुढे खड्डा असल्याचे दिसत होते आणि पलीकडे आई उभी होती. आईने चेहऱ्यावर भीती दाखवली तेव्हा १७ पैकी एकही बाळ पलीकडे गेले नाही. हसरा चेहरा पाहून १९ पैकी १४ बाळे काच ओलांडून गेली. आई तोंडाने काहीच बोलली नव्हती.

दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान, नाकाला नकळत लावलेला रंगाचा ठिपका आरशात दिसला की मूल स्वतःच्या नाकाला हात लावू लागते. ओशाळणेही साधारण याच सुमारास दिसते. त्याआधीच्या बाळाला ‘लाज नाही वाटत?’ असे विचारणे व्यर्थ आहे. तीन वर्षांचे मूल तर, खेळातल्या बाहुलीने शिकवल्यापेक्षा वेगळे काही केले, तर ‘असं नाही करायचं!’ म्हणून आपणहून बजावते.

पुढचा टप्पा समाजशास्त्रज्ञ जॉर्ज हर्बर्ट मीड यांनी नेमका टिपला. भातुकलीत मूल एका वेळी एकच कोणीतरी होते: आई, डॉक्टर, दुकानदार. नियमांच्या खेळात मात्र सगळ्यांच्या जागा एकदम डोक्यात ठेवाव्या लागतात. लपाछपी पाहा. ज्याच्यावर राज्य आहे तो बोटांच्या फटीतून बघतो. ‘बघतोय, बघतोय!’ असा गलका होतो आणि खेळ थांबतो. कबूल करावे तर पुन्हा राज्य, नाकारावे तर ‘रडीचा डाव’ हा शिक्का आणि उद्या कोणी खेळायला घेणार नाही ही धास्ती. त्या दोन-तीन मिनिटांत तो स्वतःकडे साऱ्या गटाच्या नजरेने पाहत असतो. दुसरीकडे हीच मुले सर्वांत लहानग्याला कच्चा लिंबू ठरवतात. नियम का असतो आणि तो कुठे सैल करायचा, हे त्यांना बरोबर कळते. वेगवेगळ्या वयाची मुले एकत्र खेळणे म्हणूनच मोलाचे आहे.

नेमक्या याच क्षणी मोठे माणूस येते आणि निकाल देऊन मोकळे होते. भांडण मिटते, पण मूल त्यातून एवढेच शिकते की नियम मोठ्यांचे असतात आणि ते आसपास असतील तेवढ्यापुरतेच पाळायचे असतात. मारामारी, इजेचा धोका, एकाच मुलाला रोज लक्ष्य करणे किंवा ताकदीत फार तफावत असेल, तर लगेच मध्ये पडावेच. चार वर्षांच्या आतल्या मुलांनाही मदत लागते. एरवी थोडे थांबावे. अडलेच तर निकाल न देता ‘तुमचं काय ठरलं होतं?’ एवढेच विचारावे.

बोलताना बोट कृतीवर ठेवावे. ‘तू आहेसच दांडगट’ हे ऐकून मूल स्वतःची ओळखच तशी करून घेते. ‘तू ढकललंस, त्याचा गुडघा खरचटला, आता काय करू या?’ यात समोरच्याचे दुखणेही दिसते आणि सुधारायची वाटही राहते. बक्षिसांचेही जपून. १९७३ च्या एका प्रयोगात चित्रे काढायची मुळातच आवड असलेल्या मुलांना आधी बक्षीस कबूल करून मग ते दिले. पुढे ती मुले मोकळ्या वेळात इतरांच्या जेमतेम निम्माच वेळ चित्रांपाशी रमली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र टिकून होती.

शाळांना आमची विनंती आहे की रोज किमान अर्धा तास खेळ मोकळा ठेवावा. शिक्षकांनी नजरेच्या टप्प्यात असावे, पण शिट्टी हातात घेऊ नये. डबा खाण्याची वेळ यात धरू नये, कारण पहिली दहा मिनिटे गट पाडण्यात आणि नियम ठरवण्यातच जातात. वेळ तुटपुंजा असला की मुले वाद मिटवण्याऐवजी खेळच सोडून देतात. आणि गृहपाठ राहिला म्हणून खेळाची सुट्टी कापणे बंद व्हावे. ज्याला चारचौघांत जमवून घेणे जड जाते, बहुधा त्याचीच सुट्टी सर्वांत आधी कापली जाते.

– बालविकास विषयाचे काही अध्यापक